एक सूत कमी

वेसेला गावात शिरताना जी पहिली पाटी लागते ती अल्बिन कुबेनाच्या हातची, आणि गाव संपल्यावर दफनभूमीच्या फाटकावर जी शेवटची लागते तीही त्याचीच. मधल्या अर्ध्या मैलात पशुखाद्याचं दुकान, खाटकाचं दुकान, नाचाचा हॉल, चर्चमधल्या प्रार्थनेच्या वेळा, गुरांच्या डॉक्टरचा दरवाजा, जे काही वाचण्यासारखं आहे ते सगळं त्यानेच रंगवलेलं. टेक्सासातलं हे एवढंसं गाव चेक शेतकऱ्यांनी वसवलं आणि वाचायला अल्बिनने शिकवलं, असं कोणी म्हणालं तर गावात त्यावर वाद होणार नाही.

सैन्यातली दोन वर्षंही त्याने ब्रश हातात धरूनच काढली. बरोबरची पोरं नेमबाजी शिकत होती, तेव्हा हा 'धूम्रपान मनाई आहे' आणि 'संडास, फक्त अधिकाऱ्यांसाठी' असले अमर मजकूर रंगवत होता. परत आला तो हात बसवून. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये दुकान थाटलं, व्लास्ताशी लग्न केलं, आणि पुढची पन्नास वर्षं गावाची अक्षरं सांभाळली. या पन्नास वर्षांत त्याच्या हातून चूक झाली ती एकदाच. एकाहत्तर साली खाटकाच्या गाडीवर 'सॉसेज' लिहिताना त्याने एक अक्षर खाल्लं. खाटीक मरेपर्यंत त्याला ते ऐकवत होता, आणि खाटकाच्या थडग्याचा दगड रंगवताना अल्बिनने प्रत्येक अक्षर चारदा तपासलं, न जाणो तिथूनही उठून बोलायचा.

त्याची मिजास होती ती मापाची. इंच म्हणजे इंच. सुताराचं जे सूत, इंचाचा आठवा भाग, ते त्याला नुसत्या नजरेला कळायचं. आणि दुसरी मिजास अशी, की पाटी रंगवणाऱ्याला मत नसतं. शेरीफच्या निवडणुकीत दोन्ही उमेदवारांच्या पाट्या त्याने एकाच दुपारी, एकाच डब्यातल्या रंगाने रंगवल्या होत्या. "पाटी बोलते ती मालकाचं बोलते," तो म्हणायचा. "माझं काम, ती लांबून ऐकू यावी एवढंच."

पाट्यांच्या फळ्या मात्र त्याच्या नसत. त्या अर्विन माराकच्या. अर्विन गावचा सुतार, अल्बिनचा शाळेपासूनचा दोस्त. याने फळी रंधून आणायची, त्याने ती रंगवायची आणि मग दोघांनी मिळून ती ठोकायची, हे इतकी वर्षं चाललं होतं, की अर्विनची फळी आणि अल्बिनचं अक्षर वेगळं असू शकतं हे गावाच्या ध्यानातही नव्हतं. रोज सकाळी सातला दोघं हेडी ओर्साकच्या बेकरीत हजर. खिडकीजवळच्या टेबलावर तारोकीचा पत्त्यांचा डाव पडायचा, सुक्या आलुबुखाऱ्याचं सारण भरलेल्या गोड पावाच्या कोलाची यायच्या, आणि नऊ वाजेपर्यंत जगाचे सगळे प्रश्न एकदा सुटून दुसऱ्या दिवसासाठी पुन्हा बांधून ठेवले जायचे.

दोन हजार पंधरा सालच्या डिसेंबरात त्या टेबलावर एकच विषय होता. गेली वीस वर्षं परवाना असेल तर पिस्तूल कोटाखाली लपवून बाळगता यायचं. नव्या वर्षापासून ते कमरेला उघड लावून हिंडता येणार होतं. बाहेरच्या जगाची समजूत अशी आहे, की टेक्सासातली माणसं पाळण्यापासूनच पिस्तूल लटकवून असतात. वेसेलातल्यांना मात्र हे नवीनच होतं आणि ज्याला त्याला त्यावर बोलायचं होतं.

"चोराला लांबूनच दिसलं पाहिजे, इथे माल आहे म्हणून," कोणी म्हणे.

"मग चोर पहिली गोळी तुलाच घालेल आणि तुझी कोलाची खाऊन जाईल."

"घटनेने दिलेला हक्क आहे. लपवायचा कशाला? लाज वाटण्यासारखं काय आहे त्यात?"

"घटनेने तुला लग्न करायचाही हक्क दिलाय. कुणी केलं का तुझ्याशी?"

अल्बिनला विचारलं तर तो पत्ते लावत म्हणाला, "माझ्याकडे तीन बंदुका आहेत. त्यातली एकही कॉफी पीत नाही."

सगळे हसले. एकटा अर्विन हसला नाही.

दोन जानेवारीला सकाळी सातला अर्विन आला तो कमरेला पिस्तूल लावून. नवं तपकिरी चामड्याचं म्यान, त्याच्या स्वतःच्या हाताने शिवलेलं, टाका न् टाका सरळ. टेबलावरच्या एकानेही चेष्टा केली नाही. वेसेलात चेष्टेतून देवही सुटत नाही, पण स्टॅनलीची आठवण सगळ्यांना होती. स्टॅनली म्हणजे अर्विनचा धाकटा भाऊ. त्याचं हायवेवर किराणा दुकान होतं. सत्त्याऐंशी साली अर्विन तिथे दूध घ्यायला गेला असताना एक माणूस आत आला आणि गल्ल्यासाठी त्याने स्टॅनलीला गोळी घातली. अर्विनचं पिस्तूल तेव्हा गाडीत होतं, सीटखाली. ते अंगावर घेऊन दुकानात शिरायला कायद्याची मनाई होती आणि अर्विन कायदा पाळणारा माणूस. दुकानाच्या दारापासून गाडी चौदा पावलांवर उभी होती. ती त्याने नंतर मोजली होती, एकदा नाही, कित्येकदा. अल्बिनला हे ठाऊक होतं, कारण एकदा तो बरोबर होता.

त्या सकाळीही नेहमीसारखा डाव पडला, कॉफी आली. फक्त कॉफी आणणाऱ्या बाईचा हात टेबलापर्यंत पोचलाच नाही. तिने किटली शेजारच्या टेबलावर ठेवली आणि ती आत निघून गेली.

तिचं नाव ग्रिसेल्दा. सीमेकडच्या गावातून दोन मुली घेऊन ती चार वर्षांपूर्वी वेसेलात आली. पहाटे चारला पीठ मळायला येई आणि दुपारी दोनपर्यंत उभी असे. तिच्या नवऱ्याला जेवताना ताटाशेजारी पिस्तूल ठेवायची सवय होती. त्याने कधी गोळी झाडली नाही. कधी रोखलंही नाही. ते नुसतं तिथे असायचं, मिठाच्या बाटलीशेजारी, आणि त्याच्याकडे बघत बघत ती आणि मुली सात वर्षं जेवल्या.

तीन आठवडे तिने तग धरला. मग हेडीला म्हणाली, "मला दुसरीकडे काम बघावं लागेल. मिस्टर अर्विनबद्दल माझी तक्रार नाही. पण हात कापतात आणि कॉफी सांडते."

हेडी ओर्साक विधवा बाई, आवाज मोठा आणि मन त्याहून. पण तोंडावर "नको" म्हणायचं म्हटलं की तिच्या घशात पीठ अडकायचं, त्यातून चाळीस वर्षं रोज येणाऱ्या अर्विनला. कायद्याच्या दृष्टीने तिने नुसतं तोंडाने सांगितलं तरी चालत होतं. पण ती गेली अल्बिनच्या शेडमध्ये.

"पाटी करून दे," ती म्हणाली. "ती सरकारी. पिस्तूल दिसेल असं लावून आत येऊ नये, ती."

"अर्विनला सांग ना."

"तू सांग."

"मी कशाला? बेकरी माझी आहे का?"

"बघ! तुलाही जमत नाहीये. म्हणून तर पाटी पाहिजे. पाटीला लाज वाटत नाही."

सरकारने त्या पाटीचा मजकूर शब्दाला शब्द छापूनच दिला होता. एकदा इंग्रजीत, एकदा स्पॅनिशमध्ये, कलमांच्या आकड्यांसकट. अक्षरं ठोकळा हवीत, शेपटं आणि वळणं चालणार नाहीत. रंग एकमेकांत मिसळणारे नकोत. आणि अक्षराची उंची एक इंचाहून तसूभरही कमी नको. कमी भरली तर पाटी कायद्याने पाटीच नाही, नुसती भिंतीची शोभा. तिच्याकडे काणाडोळा करून आत आलेल्या माणसाला शेरीफ हात लावू शकत नाही. अल्बिनने तो कागद वाचला आणि त्याला हसू आलं. जन्मभर ज्या इंचाची लोकांनी टिंगल केली, तो इंच शेवटी कायद्यात जाऊन बसला होता.

हसू फार वेळ टिकलं नाही. अर्विन कोणाच्या पाट्या वाचून आपला रस्ता बदलणारा माणूस नव्हता, निदान अल्बिनला तसं वाटत होतं. तो नेहमीसारखा सातला आत शिरणार. पिस्तूल गाडीत ठेवून ये, असं त्याला सांगायची तर कुणाचीच छाती नव्हती. 'गाडीत' हा शब्द त्याच्यासमोर उच्चारणंच अवघड. मग एखाद्या दिवशी कोणीतरी शेरीफला फोन करणार आणि कायदा पाळल्यामुळे ज्याने भाऊ गमावला, त्या माणसावर म्हातारपणी कायदा मोडल्याचा खटला.

या वेळी अल्बिनने अर्विनकडे फळी मागितली नाही. पत्रा घेतला. त्यावर पांढऱ्या रंगाचा हात दिला, खडूच्या दोरीने रेघा मारल्या. रेघा मारताना दोन रेघांमधलं अंतर त्याने इंच धरलं नाही. एक सूत कमी धरलं.

स्पॅनिश भाग तपासायला ग्रिसेल्दा शेडमध्ये आली. एका अक्षरावरची उच्चाराची तिरकी रेघ राहिली होती, ती तिने बोटाने दाखवली. मग सगळा मजकूर ओठ हलवत पुन्हा वाचला.

"मिस्टर अल्बिन, हे पक्कं ना? ही लावली की कोणी आणू शकत नाही?"

"पक्कं."

"नक्की?"

"पन्नास वर्षं पाट्या रंगवतोय मी, बाई," अल्बिन म्हणाला आणि ब्रश धुवायला वळला.

ती त्याच्यासाठी डबाभर गरम कोलाची घेऊन आली होती. त्या संध्याकाळी व्लास्ताने एकटीनेच खाल्ल्या. अल्बिन म्हणाला, पोट बरं नाही.

फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी पाटी लागली. सातला पाच कमी असताना अर्विनची गाडी आली. तो उतरला, रस्ता ओलांडायला लागला आणि अर्ध्यात थांबला. टोपी मागे सारून त्याने पाटीकडे पाहिलं. मग मागे वळला, गाडीत बसला आणि निघून गेला. अल्बिन आत खिडकीत पत्ते पिसत बसला होता. त्याने पुन्हा पिसले. मग पुन्हा.

अर्विन त्यानंतर आलाच नाही. तो पशुखाद्याच्या दुकानात पोत्यांवर बसून मशीनची कॉफी पितो अशी बातमी होती, आणि ती कॉफी पिणारा माणूस जगात कोणाचा राग धरत असेल तर स्वतःचाच, असं टेबलावरचं मत पडलं. चर्चमध्ये भेटला की तो अल्बिनला मान डोलावून नमस्कार करी, हवेबद्दल बोले. अल्बिनने दोनदा सांगायचं मनात आणलं, की अरे, ती पाटी फुसकी आहे, तू ये. पण मग 'ग्रिसेल्दाला मी पक्कं म्हणालो' हेही सांगावं लागलं असतं. तो हवेबद्दलच बोलला.

इकडे ग्रिसेल्दाचे हात स्थिरावले. ती चक्क गुणगुणायला लागली. हेडी म्हणे, आता नफा नाही झाला तरी चालेल. अल्बिनला ते गुणगुणणं ऐकवत नसे.

मार्चमध्ये शेजारच्या काउंटीतून तीन माणसं आली. त्यांचं एक मंडळ होतं; गावोगावी फिरून अशा पाट्या कायद्याप्रमाणे आहेत की नाहीत ते बघायचे आणि फोनवर चित्रफीत काढून लोकांना दाखवायचे. त्यांनी हरामखोरी म्हणावी असं काहीच केलं नाही, हे सांगितलंच पाहिजे. टोप्या काढल्या, हेडीला 'मॅडम' म्हणाले. त्यातल्या एकाने खिशातून टेप काढून पाटीवर लावला, एक अक्षर मोजलं, मग दुसरं, मग स्पॅनिशमधलं एक.

"सात सूत," तो फोनकडे बघून म्हणाला. "इंचाला एक सूत कमी. मॅडम, ही पाटी कायद्यात बसत नाही. तुमच्या पेंटरला सांगा."

तिघं कमरेच्या पिस्तुलांसकट आत येऊन बसले. डझनभर कोलाची मागवल्या. वाढायला ग्रिसेल्दा गेली. पहिल्या माणसाने जागा व्हावी म्हणून मिठाची बाटली बाजूला सरकवली, एवढंच. ती ट्रे घेऊन तशीच वळली, ट्रे ओट्यावर ठेवला आणि ऍप्रनसकट मागच्या दाराने बाहेर पडली. त्या दिवशी ती परत आली नाही आणि दुसऱ्या दिवशीही नाही.

चित्रफीत चर्चच्या घंटेच्या आधी गावभर पोचली. आणि वेसेलाने अल्बिनला माफ करून टाकलं. हेच फार वाईट झालं.

"वय झालं रे," लोक खांद्यावर हात ठेवून म्हणायला लागले. "मोतीबिंदू असेल. माझ्या मेव्हण्याने ह्यूस्टनला काढून घेतला, झकास दिसतं त्याला." हेडीने स्वतःलाच दोष दिला, "मशीनने कापलेली अक्षरं आणायला हवी होती. म्हाताऱ्याला उगाच त्रास दिला मी." फादर घरी आले, व्लास्ताच्या हातची कॉफी प्याले आणि जाता जाता हळूच म्हणाले, की चर्चच्या सव्वाशेव्या वर्षाची मोठी पाटी यंदा शहरातल्या दुकानाला देऊ या, तुझ्या डोळ्यांना ताण नको. ती पाटी अल्बिन गेली दोन वर्षं मनात रंगवत होता.

अल्बिन गप्प राहिला की आंधळा ठरत होता, बोलला की खोटारडा. आंधळं ठरणं सोपं होतं. त्यात काही करावंही लागत नव्हतं, नुसतं चाचपडल्यासारखं चालायचं.

फादर गेल्यावर व्लास्ताने कप उचलले. "तुझे डोळे ठीक आहेत."

"वय झालंय, व्लास्ता."

"काल साखरेत मुंगी दिसली तुला. टेबलाच्या त्या टोकावरून." तिने कप बेसिनमध्ये ठेवले. "एकही अक्षर लहानमोठं नाहीये त्या पाटीवर. सगळी सारखी कमी आहेत. आंधळ्याला असं जमत नाही, अल्बिन. असं जमायला तू लागतोस."

अल्बिनने साखरेच्या भांड्याचं झाकण लावलं.

"ती पोर तीन दिवस कामावर गेलेली नाही," व्लास्ता म्हणाली. "एवढंच सांगते. बाकी तुझं तू बघ."

ग्रिसेल्दा कापसाच्या गिरणीमागे भाड्याच्या घरात राहायची. अल्बिन दुपारी गेला. तिने दार उघडलं, त्याला बघून ओशाळल्यासारखी हसली.

"मिस्टर अल्बिन, तुम्ही कशाला आलात? मी तुमच्यावर रागावलेली नाही. डोळ्यांचं काय, होतं ते वयामुळे."

"माझे डोळे ठणठणीत आहेत," अल्बिन म्हणाला. "मी मुद्दाम केलं."

तिचं हसू गेलं.

"मी विचारलं होतं तुम्हाला."

"हो."

"दोनदा विचारलं होतं."

"हो."

"तुमच्या मित्रासाठी."

"त्याच्या भावाला..."

"मला माहितीये त्यांच्या भावाचं. हेडीने सांगितलं. मला त्यांचं वाईटच वाटतं." तिचा आवाज चढला नव्हता आणि तो चढला असता तर अल्बिनला बरं वाटलं असतं. "पण मला कोणी विचारलं का? की ग्रिसेल्दा, तुझ्या सुखात थोडं कमी केलं तर चालेल का? काय म्हणता तुम्ही ते?"

"सूत."

"एक सूत कमी चालेल का म्हणून?"

अल्बिनने टोपी हातात फिरवली. "मी नवी करतो. बरोबर करतो."

"करा. सोमवारी बघायला येईन. येताना टेप आणेन." आणि तिने दार लावून घेतलं.

तिथून तो सरळ हेडीकडे गेला आणि तिलाही सांगितलं. हेडीने हातातला पिठाचा गोळा त्याला मारायला उगारला, मग ओट्यावर आपटला आणि ती रडायला लागली. मग तो अर्विनच्या सुतारकामाच्या शेडवर गेला. तिसऱ्यांदा सांगणं सोपं जाईल अशी त्याची कल्पना होती.

अर्विन खुर्चीचा पाय घासत होता. पिस्तूल कमरेला होतंच. अल्बिनने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. अर्विनचा हात थांबला नाही.

"माहितीये," तो म्हणाला.

"काय माहितीये?"

"कमी होतं ते. पहिल्याच दिवशी दिसलं, रस्त्याच्या मधूनच. सुतार आहे मी, लेका. जन्मभर तुझ्या इंचांना फळ्या दिल्या. तुझा इंच मला कळणार नाही?"

अल्बिन बाकावर बसला. "मग आत का नाही आलास? तुझ्यासाठीच तर केलं होतं."

"मला काय ठाऊक माझ्यासाठी आहे ते? मला वाटलं, गेले तुझे डोळे." अर्विनने पॉलिश पेपर खाली ठेवला. "महिनाभर झोप नाही मला. कोणाला बोललो नाही, म्हटलं कळलं तर लोक तुझ्याकडून पाट्या घ्यायचे बंद होतील. आपण आत गेलो, कोणी शेरीफला बोलावलं, तर ते मोजणार, मग तुझं उघडं पडणार. त्यापेक्षा बाहेर राहिलेलं बरं."

महिनाभर दोघं एकमेकांना सांभाळत हवेबद्दल बोलत होते.

"आणि समजा ते नसतं," अर्विन म्हणाला, "तरी आलो नसतो. मी काय कायदा मोजायला येतो का तिथे? हेडीला तोंडाने सांगवेना म्हणून तिने पाटी लावली, एवढं मला कळतं. नको म्हणाली म्हणजे नको. आणि अक्षरं तुझी होती."

"पाटी मालकाचं बोलते. माझं मत..."

"चल, शहाणा! तुझ्या हाताने 'येऊ नको' लिहिलेलं मी वाचलं. ते सात सूत असो नाहीतर सात फूट."

मग अर्विनचा चेहरा एकदम बदलला. जे त्याला आता कुठे नीट समजलं होतं, त्याचा राग त्याच्या कानापर्यंत चढला.

"म्हणजे माझ्यासाठी त्या पोरीला फसवलंस? मी मागितलं होतं का? स्टॅनली गेला तेव्हा मी काय ठरवलं, ते माझं मी ठरवलं. लावतो मी हे, कोटाखाली न लपवता, आणि लावणार. आत यायला मिळत नसेल तर नाही मिळणार, ती किंमत मी देतो. तिच्याकडून का घेतलीस तू?"

"चुकलं," अल्बिन म्हणाला. पन्नास वर्षांत हा शब्द त्याने खाटकालाही दिला नव्हता.

अर्विन थोडा धुसफुसला. मग उठला, भिंतीला लावून ठेवलेल्या फळ्यांमधून एक ओढून काढली, जुनी, सुकलेली देवदाराची, तिच्यावरून तळहात फिरवला. ती पुरणार नाही असं वाटून दुसरी काढली आणि दोन्ही शेजारी धरल्या.

"दीड इंच कर," तो म्हणाला.

"दीड? एवढा मजकूर दोन भाषांत दीड इंचाने लिहिला तर हेडीची अर्धी खिडकी झाकेल."

"झाकू दे. टेप लावायची वेळच येऊ नये कुणावर."

सोमवारी सकाळी पाटी ठोकायला दोघं मिळून गेले. अर्विनने स्क्रू बसवायला घेतले, अल्बिनने खालून फळी तोलून धरली. साडेसहाला ग्रिसेल्दा आली ती रस्त्याच्या पलीकडच्या कडेला थांबली. दारातच अर्विन उभा, पाठमोरा, आणि कमरेला ते. तिने पर्स छातीशी धरली. अर्विनला काचेत ती दिसली. तो काही न बोलता पायरी उतरला, गाडीच्या पलीकडच्या बाजूला जाऊन उभा राहिला आणि हत्यारांच्या पेटीत काहीतरी शोधू लागला.

ग्रिसेल्दा आली. पर्समधून तिने शिवणकामाचा टेप काढला. पहिल्या ओळीतलं अक्षर मोजलं, मधलं मोजलं, स्पॅनिशमधली चार मोजली. अल्बिन विद्यार्थ्यासारखा उभा होता.

"दीड," ती म्हणाली. मग जरा थांबून, "आणि तिरकी रेघही आहे." ती आत गेली. थोड्या वेळाने ओट्यावर पिठाचा गोळा आपटल्याचा आवाज आला.

एक स्क्रू राहिला होता. अर्विन परत आला, तो पिळून घट्ट केला, स्क्रू-ड्रायव्हर खिशात टाकला, हात विजारीला पुसले, आणि चाळीस वर्षांच्या सवयीने दाराची मूठ धरून दार अर्धं उघडलं. आतून कॉफीचा आणि भाजल्या पिठाचा वास आला. त्याचा एक पाय उंबऱ्याच्या आत पडलाही होता.

तो तिथेच थबकला. पाय मागे घेतला. मान वर करून त्याने पाटी वाचली, इंग्रजी पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि मग ज्यातला एक शब्द त्याला कळत नव्हता ते स्पॅनिशही. वाऱ्याने आपटू नये म्हणून दार तळहाताने धरून हळूच लावलं.

"आता बरोबर आहे," तो अल्बिनला म्हणाला, आणि गाडीकडे चालू लागला.